वैद्यवर्य हर्मान बूरहावे

विद्यार्थिमित्रहो, मनुष्याचे मोठेपण त्याच्या यशावरून मोजावे अशी जगाची रीत आहे. ज्या पुरुषाचे चरित्र आम्ही येथे संक्षेपाने सांगणार आहोत, त्यांस यश विपुल लाभले. परंतु शस्त्रवैद्यांच्या तोंडी त्यांचे नाव आजही येते ते एका अपयशामुळे.

हर्मान बूरहावे यांचा जन्म हॉलंड देशात लायडेन शहराजवळील व्होरहाउट या गावी ३१ डिसेंबर १६६८ रोजी झाला. वडील तेथील मंडळीचे पाळक होते. मुलाने आपल्यामागे देवाच्या वचनाची सेवा करावी, या हेतूने त्यांनी त्यास लहानपणीच लॅटिन व ग्रीक भाषा शिकविल्या. बाराव्या वर्षाच्या सुमारास हर्मानच्या मांडीस एक व्रण झाला. वैद्यांनी अनेक उपाय केले. व्रण काही वर्षे बरा होईना. त्या दुखण्यानेच त्यांचे मन प्रथम वैद्यकाकडे वळले. पुढे पितृछत्र हरपले. तेव्हा गणिताच्या शिकवण्या करून त्यांनी आपला विद्याभ्यास चालविला, आणि १६९३ साली वैद्यकाची पदवी मिळविली.

तरी पाळक होण्याचा संकल्प सुटला नव्हता. एकदा नावेतून प्रवास करीत असता काही मंडळी तत्त्ववेत्ता स्पिनोझा याची निंदा करू लागली. त्यातील एका आवेशी गृहस्थास बूरहावे यांनी इतकेच विचारले की, आपण त्याचे ग्रंथ वाचले आहेत काय? एवढ्यावरून ते नास्तिक मताचे आहेत अशी आवई उठली, व धर्मोपदेशकाचा मार्ग त्यांस बंद झाला. त्यांनी कटुता धरली नाही. देवाची सेवा रोग्याच्या खाटेपाशीही घडते, असे त्यांनी पुढील आयुष्याने दाखवून दिले.

१७०१ साली ते लायडेन विद्यापीठात शिकवू लागले, व १७०९ साली तेथे प्राध्यापक झाले. तेथील रुग्णालयातील बारा खाटा हीच त्यांची खरी शाळा होती. शिष्यांस तेथे नेऊन ते रोग्याची प्रकृती प्रत्यक्ष दाखवीत. देशोदेशीचे विद्यार्थी त्यांच्यापाशी येत. त्यांच्या शिष्यांनी ही पद्धत एडिंबरो व व्हिएन्ना येथे नेली, व तेथून ती जगभर पसरली. आपल्या आष्टा गावापासून फारशा दूर नसलेल्या मिरजेस डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिशन रुग्णालय उभारले, आणि पुढे तेथे तरुणांस वैद्यक शिकविले, तेही रोग्यांच्या सहवासातच.

आता त्या अपयशाची हकीकत. ऑक्टोबर १७२३ मध्ये हॉलंडचे आरमारप्रमुख बॅरन व्हान वासेनार यांनी भरपेट भोजनानंतर पोट जड झाले म्हणून वांतीचे औषध घेतले. जोराची ओकारी येत असता छातीत काहीतरी फाटल्याचा त्यांस भास झाला, आणि असह्य वेदना सुरू झाल्या. बूरहावे यांस पाचारण केले. त्यांनी आपली सारी विद्या पणास लावली. पण कारण कळेना, आणि एक दिवस पुरता लोटण्याच्या आतच रोग्याने प्राण सोडला.

बूरहावे यांनी मृतदेह तपासला. छातीच्या कातडीखाली हवा भरली होती. छाती उघडताच आत आणखी हवा, आणि पोटात जावयाचे अन्नपाणी तेथे साचलेले आढळले. खाल्लेल्या बदकाच्या मांसाचा वासही येत होता. अन्ननलिका आडवी फाटली होती. युरोपात ज्यांचा शब्द प्रमाण मानीत, अशा या वैद्याने दुसऱ्याच वर्षी, १७२४ साली, ही सर्व हकीकत छापून प्रसिद्ध केली. आपण काय काय केले, आणि रोग कसा ओळखता आला नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिले. पुढच्या वैद्यास तो ओळखता यावा, हाच हेतू.

कातडीखालची ही हवा काय सांगते, हे विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. श्वासनलिका, फुप्फुसे व अन्ननलिका ही छातीत एकमेकांस लागून आहेत. यांपैकी एखाद्यास भेग पडली की हवा बाहेर सुटते, मऊ ऊतींतून वाट काढीत वर सरकते, आणि मानेवर व चेहऱ्यावर सूज आणते. अशा सुजेवर बोट ठेवले असता, भडंगाची पुडी हलके दाबावी तसे चुरचुरते. गाडीवरून पडून बरगडी मोडली व तिचे टोक फुप्फुसात घुसले, तरी असेच होते. ही हवा बहुधा आपोआप जिरून जाते. भय असते ते आतील भेगेचे. हवा म्हणजे केवळ निरोप्या होय. म्हणून अशी सूज चोळत वा शेकत बसू नये; रोग्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. तेथे छातीचे क्ष-किरण चित्र काढून मूळ शोधतात, व गरज पडल्यास छातीत नळी घालून साचलेली हवा काढतात.

बूरहावे २३ सप्टेंबर १७३८ रोजी लायडेन येथे निवर्तले. त्यांनी वर्णिलेला विकार पुढे दोनशेहून अधिक वर्षे बहुधा प्राणघातकच ठरला. अखेर १९४७ साली इंग्लंडमधील शस्त्रवैद्य नॉर्मन बॅरेट यांनी फाटलेली अन्ननलिका शिवून रोगी वाचविल्याचे वृत्त प्रसिद्ध केले. आज वेळीच ओळख पटली, तर पुष्कळ रोगी वाचतात. जोराची वांती, छातीत कळ आणि मानेच्या कातडीखाली हवा, ही तीन लक्षणे एकत्र दिसली की वैद्य बूरहावे यांचे स्मरण करतो, आणि त्याच्या नावाच्या विकाराची शंका घेतो.

मुलांनो, पाटीवरचे चुकलेले गणित शिक्षकांस दिसू नये म्हणून आपण हाताने झाकतो. या थोर वैद्याने आपली झाकली मूठ स्वतः उघडली, म्हणूनच आज अनोळखी घरांतील माणसे जगतात. वासेनार यांस ते वाचवू शकले नाहीत. पण त्या एका मरणाची खरी हकीकत लिहून त्यांनी पुढील पिढ्यांची केवढी सेवा केली! सत्य सांगण्यास धैर्य लागते, आणि ते धैर्य परमेश्वर आपल्या शाळेतील प्रत्येक मुलामुलीस देवो, अशी आमची प्रार्थना आहे.