थॉमस रीड डेव्हिस बेल

थॉमस रीड डेव्हिस बेल (२ मे १८६३ – २४ जून १९४८) हे मुंबई इलाख्याच्या वनखात्यातील अधिकारी आणि फुलपाखरे व पतंग यांचे अभ्यासक होते. कोणत्या जातीची मादी कोणत्या वनस्पतीवर अंडी घालते, याच्या नोंदींसाठी ते विशेष ओळखले जातात.

जीवन

बेल यांचा जन्म आयर्लंडमधील कॉर्क परगण्यातील बँडन येथे झाला. १८८४ मध्ये ते भारतात आले. वनखात्यातील नोकरीच्या काळात कारवार येथे त्यांना दोन सहकारी लाभले. साताऱ्यात जन्मलेले एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या (१८८३) संस्थापकांपैकी एक होते. सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी त्यापूर्वी पश्चिम खानदेशात, म्हणजे आजच्या धुळे व नंदुरबार जिल्ह्यांच्या प्रदेशात, पक्ष्यांचा अभ्यास करून १८८२ मध्ये त्यांची यादी प्रसिद्ध केली होती. निवृत्तीनंतर बेल कारवारलाच स्थायिक झाले आणि तेथेच त्यांचे निधन झाले.

कार्य

त्या काळातील कीटकसंग्रह मुख्यतः टाचणीला लावलेल्या प्रौढ कीटकांचे असत. बेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडी आणि अळ्या गोळा करून त्या योग्य पानांवर वाढवल्या व कोषातून प्रौढ कीटक बाहेर येईपर्यंतच्या अवस्थांची वर्णने लिहिली. उत्तर कानडा जिल्ह्यातील फुलपाखरांवरील तिघांची लेखमाला १८९६ पासून सोसायटीच्या नियतकालिकात आली. भारताच्या मैदानी प्रदेशातील सामान्य फुलपाखरांवरील बेल यांची स्वतंत्र लेखमाला १९०९ मध्ये सुरू झाली. एफ. बी. स्कॉट यांच्यासह लिहिलेला स्फिंजिडी कुलातील पतंगांवरील ग्रंथ १९३७ मध्ये ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेत प्रसिद्ध झाला.

उत्तरकालीन संशोधन

बहुतेक अळ्या ठरावीक वनस्पतींचीच पाने खातात. मादीने झाड चुकीचे निवडले तर नवजात अळी उपाशी मरते. कारवारपासून नंदुरबारपर्यंत आढळणारे लिंबू फुलपाखरू लिंबू, कढीपत्ता अशा एकाच कुलातील झाडांवर अंडी घालते. मादी झाड कशी ओळखते, याचे रेणवीय स्पष्टीकरण बेल यांच्या मृत्यूनंतर मिळू लागले.

१९५९ मध्ये रेशीम पतंगाच्या मादीच्या गंधातील बॉम्बिकॉल हा पदार्थ ओळखण्यात आला. १९८१ मध्ये पतंगाच्या शृंगिकेत अशा गंधरेणूंना बांधणारे प्रथिन सापडले, तर २००४ मध्ये बॉम्बिकॉल ओळखणारे ग्राही प्रथिन निश्चित झाले. चवीच्या बाबतीत, लिंबू फुलपाखराच्या गोत्रातील एका आशियाई जातीवर जपानमध्ये संशोधन झाले. या जातीची मादी पानावर पुढच्या पायांनी ठोके देते. पायांवरील सूक्ष्म केसांतील एक ग्राही प्रथिन लिंबूवर्गीय पानांतील सिनेफ्रिन हा पदार्थ ओळखते, असे २०११ मध्ये दिसून आले.

महत्त्व

प्रथिनाचे कार्य तपासण्यासाठी ती जात निसर्गात कोणते झाड निवडते हे आधी माहीत असावे लागते. भारतीय जातींविषयी अशी माहिती देणाऱ्या आरंभीच्या नोंदींत बेल यांच्या नोंदींचे स्थान महत्त्वाचे आहे. अधिवासाच्या संरक्षणासाठीही त्या उपयुक्त ठरतात, कारण खाद्यवनस्पती नाहीशी झाल्यास तिच्यावर अवलंबून असलेली जातही तेथे टिकत नाही.