सिनेमाच्या आधी फाळके रंग छापायचे, आणि त्यांचा प्रश्न आजही प्रेसवाल्यांना पडतो

मोशीवरून जाणारा महामार्ग चाकणमार्गे नाशिकला पोहोचतो. या पट्ट्यात तयार होणाऱ्या मालाची खोकी रंगीबेरंगी असतात. हे सगळे रंग किती शायांमध्ये छापायचे? नाशिक जिल्ह्यातल्या एका माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वी याच कामात आयुष्याची उमेदीची वर्षं घातली होती. ते म्हणजे दादासाहेब फाळके.

30 एप्रिल 1870 ला त्र्यंबकेश्वरला जन्म. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण. गोध्य्रात फोटो स्टुडिओ थाटला, पण प्लेगने पत्नी आणि मूल हिरावून नेलं.

पुढे फाळके रंगीत छपाईकडे वळले. त्या काळी राजा रविवर्म्याच्या मळवलीच्या प्रेसमध्ये चित्रातल्या प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागायचा. एका चित्राला ढीगभर दगड! फाळक्यांनी या प्रेससाठीही काम केलं. पण रतलामला ते तीनरंगी ब्लॉक करायला शिकले होते. त्यात काचेच्या रंगीत गाळण्या लावून एकाच चित्राचे तीन फोटो घ्यायचे, त्यावरून तीन ब्लॉक करायचे आणि पिवळा, तांबडा, निळा एकावर एक छापायचा. बाकीचे रंग या तिघांतूनच दिसतात.

पुढे त्यात काळा आला आणि चार शाया जगभर रुळल्या. पण चौघांत भडक केशरी, गर्द हिरवा, जांभळा नीट उठत नाही. म्हणून आता या तीन शाया वाढवून सात करतात. खास रंगासाठी दर वेळी वेगळी शाई घोटायची गरज बरीच कमी होते. अट एकच: सात शायांच्या छटा सगळीकडे सारख्या हव्यात. नाहीतर एका प्रेसचं केशरी दुसरीकडे विटकरी दिसायचं.

फाळक्यांनी 1908 च्या सुमारास लोणावळ्यात स्वतःचा छापखाना काढला. तो दादरला हलवून 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' झाला. 1909 मध्ये यंत्रांसाठी ते जर्मनीला जाऊन आले. धंद्याचा जम बसतोय तोच भागीदारांशी बिनसलं आणि चाळिशीत फाळके रिकाम्या हाताने बाहेर पडले.

पण फोटो, रसायनं आणि यंत्रं यांची जाण हातात होती. त्याच जोरावर 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला. तोही कृष्णधवल. रंग छापलेल्या माणसाची ओळख मात्र बिनरंगी पडद्यामुळे उरली. 16 फेब्रुवारी 1944 ला नाशिकमध्ये त्यांचं निधन झालं.