देवी टोचणारा वैद्य व बागेचा माळी : डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन

आपल्या गावातील साठीच्या पुढील कोणाही बाईचा अथवा बाप्याचा दंड किंवा हात पाहा. तेथे एकदोन वाटोळे, आत ओढल्यासारखे वण बहुधा दिसतील. त्या लहानपणी टोचलेल्या देवींच्या खुणा होत. त्यांच्या नातवंडांच्या हातांवर हे वण नाहीत, कारण तो रोगच पृथ्वीवरून नाहीसा झाला आहे. हिंदुस्थानातील शेवटचा देवीचा रोगी १९७५ साली आढळला, आणि सर्व जग या रोगापासून मुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने १९८० साली जाहीर केले. हे यश थोड्या वर्षांत आले नाही. त्यामागे पावणेदोनशे वर्षांची पायपीट आहे. त्या वाटेने आपल्या दख्खनात व खानदेशात चाललेल्या एका वैद्याचे चरित्र आम्ही आज थोडक्यात सांगणार आहो.

अलेक्झांडर गिब्सन यांचा जन्म १८०० साली स्कॉटलंडात झाला. एडिंबरो येथे वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते १८२५ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सर्जन म्हणून दाखल झाले. पुढे त्यांची नेमणूक दख्खन व खानदेश या प्रांतांत देवी टोचण्याच्या खात्यावर झाली. या कामात त्यांचा संबंध राजवाड्यांशी अथवा छावण्यांशी नव्हता. खेड्यांतील आया व त्यांच्या कडेवरची पोरे हीच त्यांची माणसे होती, कारण देवी टोचावयाच्या त्या मुख्यत्वे लहान मुलांस. याच काळात ते मराठी, हिंदुस्थानी व गुजराथी या भाषा शिकले. भाषेवाचून हे काम होण्यासारखेच नव्हते.

आम्ही राहतो ते औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. गिब्सन साहेबांचा प्रांत अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे खानदेशात सुरू होई. परंतु देवीच्या साथीला राज्याची हद्द कोठून ठाऊक? एका तटावर ती थांबविली गेली, तर दुसऱ्या तटावरील लेकरांचीही धास्ती तेवढी कमी होई.

त्या दिवसांत देवी कशा टोचीत हे आजच्या वाचकांस सांगितले पाहिजे. इंग्लंडात जेन्नर नामक वैद्याने १७९६ साली असे दाखविले की गाईच्या देवीची लस माणसास टोचली असता त्यास खरी देवी येत नाही. ती लस १८०२ साली मुंबईस पोहोचली आणि त्या वर्षीच्या १४ जून रोजी अॅना डस्टहॉल नामक तीन वर्षांच्या मुलीस ती टोचण्यात आली. या देशात लस लागू पडलेले हे पहिलेच मूल. तिच्या हातावरच्या फोडातून पुढच्या मुलांस, व त्यांच्यापासून आणखी पुढच्यांस, अशी ती लस देशभर गेली.

त्या काळी बर्फाच्या पेट्या नव्हत्या. लस सुताला लावून अथवा काचांमध्ये धरून पाठविली तर आपल्याकडील उन्हाळ्यात ती निर्जीव होऊन जाई. म्हणून लस जिवंत ठेवण्याची एकच खात्रीची जागा होती, ती म्हणजे लेकराचा हात. मुलास टोचले की फोड येई, आठव्या दिवशी तो भरे, आणि त्यातील पाणी घेऊन दुसऱ्या मुलास टोचीत. यास्तव टोचणाऱ्याने आठव्या दिवशी परत गेलेच पाहिजे. तो गेला नाही, नदीला पूर आला, किंवा आईने मूल लपविले, तर माळेचा दोरा तुटे व पुन्हा दुरून लस आणावी लागे.

आणि आया मुले लपवीत, हेही खरे. आमच्या लोकांत या रोगास देवी म्हणत व अजूनही म्हणतात. ती कोपू नये म्हणून नवस चालत. शिवाय आपल्या मुलाच्या फोडातील पाणी काढून घेतले तर त्याला अपाय होईल अशी भीती आईस वाटे. तिला आम्ही अडाणी म्हणून हसणार नाही. हातावरून हातावर लस नेताना कधी कधी दुसरा रोगही जाई. हे पुढे वैद्यांनीच कबूल केले आणि वासरावर वाढविलेली लस वापरात आणली. मुंबई शहरात १८७७ साली टोचून घेण्याची सक्ती कायद्याने झाली. त्याच्या चाळीस वर्षे आधी, गिब्सन साहेबांच्या काळी, खेड्यापाड्यांत बोलणे, समजाविणे व दिलेल्या दिवशी परत येणे एवढीच साधने होती. त्यांतही सर्व पायपीट एकट्या साहेबांची नव्हे. मुंबई इलाख्यात साहेबांच्या हाताखाली देशी टोचणारे नेमलेले असत आणि गावोगाव तेच फिरत. त्यांची आठवण ठेवणे हे आमचे कर्तव्य आहे, कारण आठव्या दिवसाचा भार त्यांच्याच पायांवर होता.

१८३८ साली गिब्सन साहेबांस पुण्याजवळील दापोडीच्या सरकारी वनस्पतिबागेचे प्रमुख नेमण्यात आले. ही बाग मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८ साली स्थापिली होती. वैद्याला बाग कशासाठी, असे कोणी विचारील. त्या काळी औषध म्हणजे पुष्कळ अंशी झाडपालाच होता, आणि सरकारी दवाखान्यांची औषधे विलायतेहून जहाजाने येत. समुद्रावर महिनोन्महिने राहून ती महाग व जुनी होत. गिब्सन साहेबांनी जुन्नर तालुक्यात नारायणगावाजवळ हिवरे येथे औषधी वनस्पतींची बाग केली. तेथे सोनामुखी, खुरासानी ओवा व इंद्रावण यांसारख्या वनस्पतींची औषधे तयार होऊन सरकारी औषधभांडारास जाऊ लागली. आमच्या नगरकडून कल्याणच्या रस्त्याने आळेफाट्यास उतरणाऱ्या वाचकांस हा मुलूख ठाऊक असेल. आज तेथे द्राक्षांचे व टोमॅटोचे मळे आहेत.

ज्या मनुष्याने गावोगाव लस जिवंत ठेवण्याची काळजी वाहिली, त्यास रोपाची काळजी नवी नव्हती. रोप लावणे हे एका सकाळचे काम आहे, पण ते जगविणे हे चैत्र-वैशाखाचे काम आहे. टोचणे आणि लावणे या दोहोंतही पहिला दिवस सोपा असतो.

रानावनांतून फिरताना त्यांच्या दृष्टीस आणखी एक गोष्ट पडली. जहाजांसाठी व इमारतींसाठी सागवान तोडला जात होता आणि डोंगर उघडे पडत होते. कोकणात जेथे डोंगरावरील झाडी गेली, तेथील ओढे व झरे आटू लागल्याचे त्यांनी सरकारास कळविले. १८४७ साली मुंबई सरकारने त्यांस जंगलांचे रक्षक नेमले. हिंदुस्थानात अशा रीतीने जंगलखाते चालविण्याचा हा आरंभ मानितात. १८६० सालापर्यंत त्यांनी ते काम केले.

येथे आम्ही एक गोष्ट झाकून ठेवीत नाही. डोंगरात झाडी जाळून त्या राखेत नाचणी-वरी पेरण्याची कुमरी नावाची शेती गरीब डोंगरी लोक करीत असत. तिला आळा घालण्यात गिब्सन साहेबांचाही हात होता. पुढे जंगलखात्याचे कायदे कडक झाले, आणि सरपण, चराई व राब यांसाठी रानावर जगणाऱ्या भिल्ल, ठाकर, कातकरी इत्यादि लोकांस त्यांचा फार जाच झाला. झरा वाचविण्याची इच्छा चांगली होती, पण झऱ्याकाठच्या माणसास विचारले गेले नाही. चांगल्या मनुष्याच्या चरित्रातूनही शिकताना हा भाग वगळू नये.

१८४७ ते १८५० या वर्षांत एका पोर्तुगीज-हिंदी चित्रकाराने गिब्सन साहेबांसाठी दापोडीच्या झाडांची रंगीत चित्रे काढिली. ती सुमारे १७० असून एडिंबरोच्या वनस्पतिबागेत आजही जपून ठेविलेली आहेत. देवी टोचणाऱ्यांप्रमाणे या चित्रकाराचे नावही मागे राहिले नाही. १८६१ साली गिब्सन व डॅल्झेल या दोघांनी मिळून मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा एक ग्रंथ प्रसिद्ध केला. सह्याद्रीत पावसाळ्यात जमिनीवर फुलणाऱ्या आमरीच्या एका जातीस शास्त्रज्ञांनी गिब्सन यांचे नाव दिले आहे.

दापोडीची बाग १८६५ साली बंद झाली व तिचे काम गणेशखिंडीस गेले. त्यानंतर दोन वर्षांनी, १८६७ च्या जानेवारीत, गिब्सन साहेबांचे देहावसान झाले. बाग मोडलेली त्यांच्या हयातीतच घडले, आणि देवीचा रोग नाहीसा होण्यास तर त्यांच्यामागे शंभराहून अधिक वर्षे लागली. आपल्या कष्टांचे अखेरचे फळ त्यांनी पाहिले नाही.

या चरित्रातून आमच्या गावकऱ्यांनी काय घ्यावे? आजही आमच्या वस्त्यांत असे पुष्कळदा दिसते की बाळ जन्मले म्हणजे पहिली लस हौसेने टोचून घेतात. मग सुगी येते, ऊसतोडीला जावे लागते, बाळाला एक रात्र ताप येतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेची लस राहून जाते. गोवर व घटसर्प मात्र वाट पाहत थांबत नाहीत. तीच गोष्ट झाडांची. पावसाळ्यात शाळेच्या आवारात शंभर रोपे लागतात आणि होळीपर्यंत त्यांच्या काड्या उरतात. तरी घरातील लसीचे कार्ड आज काढून पाहावे. त्यावर पुढची तारीख लिहिलेली असेल. कामाच्या गावी जाणाऱ्यांनी ते कार्ड धान्याच्या गाठोड्याबरोबर बांधून न्यावे, म्हणजे त्या गावच्या नर्सबाईस दाखविता येईल. आणि दारात जे रोप लाविले असेल, त्यास आज संध्याकाळी एक तांब्या पाणी घालावे.