सर्गेई कोरोल्योव
सर्गेई पाव्लोविच कोरोल्योव (१२ जानेवारी १९०७, झितोमिर – १४ जानेवारी १९६६, मॉस्को) हे सोव्हिएत अग्निबाण-अभियंते व अंतराळ कार्यक्रमाचे मुख्य रचनाकार होते. १९३८ मध्ये स्टालिनच्या राजवटीत खोट्या आरोपांवरून त्यांना अटक झाली. कोलिमा येथील सक्तमजुरीत त्यांचे बरेचसे दात गेले व प्रकृती कायमची ढासळली. पुढे त्यांच्याच आर-७ अग्निबाणाने स्पुतनिक १ (१९५७) व युरी गागारिन (१९६१) यांना अंतराळात नेले. हयातीत त्यांचे नाव मात्र गुप्त ठेवण्यात आले. जगाला ते मृत्यूनंतरच कळले.

मंगळावर माणूस पाठविण्याची त्यांची आकांक्षा जुनी होती. एन-१ या महाकाय अग्निबाणाची आखणी सुरुवातीस त्याच दृष्टीने झाली, परंतु १९६४ मध्ये तो अमेरिकेबरोबरच्या चांद्रस्पर्धेला जुंपला गेला. मानवरहित यानांनाही यश दुर्मीळच होते. १९६० मधील दोन मंगळयाने पृथ्वीच्या कक्षेतही पोहोचली नाहीत, तर व्हेनेरा १ चा संपर्क वाटेतच तुटला. शस्त्रक्रियेदरम्यान कोरोल्योव यांचे निधन झाले, तेव्हा व्हेनेरा ३ शुक्राच्या मार्गावर होते. १ मार्च १९६६ रोजी ते शुक्रावर आदळले आणि दुसऱ्या ग्रहावर पोहोचलेली पहिली मानवनिर्मित वस्तू ठरले. त्यापूर्वीच संपर्क तुटल्यामुळे त्याने शुक्राविषयी काहीही माहिती पाठविली नाही.