डॉ. भाऊ दाजी आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाची वास्तू

मुंबईत 1826 साली स्थापन झालेली देशी भाषांतून वैद्यक शिकविणारी शाळा 1832 मध्ये बंद पडली. त्यानंतर वैद्यकीय शिक्षणाचा पुरस्कार करणारे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट 1838 साली निवर्तले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय भायखळ्यास उभे राहिले ते 1845 मध्ये. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या दानातून झालेले रुग्णालय त्याच आवारात असल्याने व्याख्यानगृह आणि रुग्णशय्या यांतील अंतर चार पावलांचे उरले. ग्रंथात वाचलेले प्रत्यक्ष देहावर पडताळून पाहावे, हे तत्त्व त्या वास्तूच्या रचनेतच अनुस्यूत होते.

या महाविद्यालयाच्या पहिल्या विद्यार्थ्यांत रामकृष्ण विठ्ठल लाड, अर्थात डॉ. भाऊ दाजी, हे होते. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात गोव्यात त्यांचा जन्म झाला. मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत शिकून ते तेथेच अध्यापक झाले. पण नवे महाविद्यालय उघडताच त्यांनी पुन्हा विद्यार्थिदशा पत्करली. 1851 साली बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत त्यांच्यासमवेत पुढे प्रार्थनासमाजाचे एक संस्थापक झालेले डॉ. आत्माराम पांडुरंग हेही होते.

भाऊंनी व्यवसायात मोठा लौकिक मिळविला. गोरगरिबांस ते विनामूल्य औषध देत. कुष्ठरोगावर कडू कवठीच्या बियांच्या तेलाचे प्रयोगही त्यांनी चालविले. तथापि भारतीय विद्येच्या अभ्यासकांस ते स्मरतात ते प्राचीन लेखांचे वाचक म्हणून. पूर्वी झालेल्या वाचनांवर विसंबून न राहता मूळ शिळेवरून नवा ठसा घ्यावा, अक्षर न् अक्षर तपासावे आणि मगच निर्णय द्यावा, ही त्यांची रीत होती. अजिंठ्याचे लेख, जुनागढचे रुद्रदामन् व स्कंदगुप्त यांचे लेख त्यांनी याच रीतीने अभ्यासिले. या कामी जुनागढचे तरुण पंडित भगवानलाल इंद्रजी यांस त्यांनी 1861 मध्ये आपल्याकडे आणले आणि एक थोर पुराविद् घडविला. कालिदास म्हणजेच मातृगुप्त, हे त्यांचे अनुमान पुढील संशोधनात टिकले नाही. मात्र कवीचा काळ दंतकथेवरून नव्हे, तर पुराव्यावरून ठरवावा, हा त्यांचा आग्रह टिकला. वैद्याची निदानपद्धतीच त्यांनी इतिहासाच्या क्षेत्रात आणली, असे म्हणण्यास हरकत नाही.

भायखळ्यातच दुसऱ्या एका वास्तूसाठी त्यांनी जगन्नाथ शंकरशेट व डॉ. जॉर्ज बर्डवुड यांच्यासह निधी जमविला. बाहेरून पॅलाडिओच्या धाटणीचे व आत ओतीव लोखंडाच्या स्तंभांनी नटलेले ते वस्तुसंग्रहालय. त्याची पायाभरणी 1862 मध्ये झाली. मध्यंतरी 1865 च्या आर्थिक अरिष्टाने काम रखडले आणि 1872 मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. 31 मे 1874 रोजी भाऊंचे निधन झाले. विखुरलेले त्यांचे निबंध 1888 साली कलकत्त्यास रामचंद्र घोष यांनी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. मुंबईकर विद्वानाचे हे ऋण वंगभूमीने फेडावे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

1975 पासून वस्तुसंग्रहालयास भाऊंचे नाव आहे. महाविद्यालयास अर्थातच ग्रँट यांचे. एक वास्तू भाऊंनी घडविली, दुसरीने भाऊंना घडविले. वारसा म्हणून दगडविटांचे जतन अवश्य व्हावे. परंतु स्वतः पाहिल्यावाचून न मानण्याची जी शिस्त त्या पहिल्या विद्यार्थ्यांनी तेथून बाहेर नेली, तीच त्या वास्तूची खरी संपत्ती होय.