विल्माच्या पायांमागचे हात

परवा संध्याकाळी कणीक मळत होते, तेवढ्यात दार वाजलं. आमच्या बचत गटातली एक मैत्रीण दारात उभी. चेहरा पार उतरलेला. तिची लेक पळण्यात हुशार. गेल्या वर्षी जिल्ह्यात पहिली आली, तेव्हा चौकात तिचा फ्लेक्स लागला होता, गळ्यात हार, सगळ्यांना पेढे. आता ती तालुक्याच्या कॉलेजात आहे. सराव सकाळी सहाला असतो आणि आमच्या गावातून पहिली एसटीच सहाला सुटते. संध्याकाळी परत यायला अंधार होतो. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, झालं तेवढं पुरे, आता अभ्यास कर. आईचं मन काही मानत नाही. ती मला विचारायला आली होती, काय करू म्हणून.

मी हात धुतले, चहा टाकला आणि तिला विल्माची गोष्ट सांगितली.

विल्मा रुडॉल्फ. अमेरिकेची धावपटू. पल्स पोलिओच्या रविवारी आम्ही बूथवर बसायचो, तेव्हा डोस द्यायला टाळाटाळ करणाऱ्या आयांना मी हिची गोष्ट सांगायचे. पण खरं सांगू का मैत्रिणींनो, तेव्हा मी ती अर्धीच सांगायचे. पोलिओ झालेली मुलगी, पायात कॅलिपर, जिद्दीने उठली आणि ऑलिम्पिक जिंकली, एवढीच. पुढे तिच्याबद्दल जास्त वाचत गेले, तेव्हा कळलं की महत्त्वाची गोष्ट तर उरलेल्या अर्ध्यात आहे.

विल्माचा जन्म २३ जून १९४० चा. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या टेनेसी राज्यात क्लार्क्सव्हिल नावाचं गाव आहे, त्याच्याजवळचा. वेळेआधी जन्मलेली, वजन जेमतेम दोन किलो. वडिलांची दोन लग्नं, दोन्ही मिळून बावीस मुलं आणि त्यातली ही विसावी! वडील रेल्वेत हमाली करायचे, शिवाय मिळेल ते काम. आई ब्लांश गोऱ्या लोकांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक करायची. लहानपणी विल्माला न्यूमोनिया झाला, स्कार्लेट फीव्हर झाला आणि चार-पाच वर्षांची असताना पोलिओ. डावा पाय लुळा पडला.

तो काळ काळ्या लोकांसाठी फार वाईट होता. गोऱ्यांची शाळा वेगळी, दवाखाना वेगळा, बसमध्ये बसायची जागासुद्धा वेगळी. विल्माच्या गावात काळ्या मुलीच्या अशा पायावर उपचार होण्यासारखे नव्हते. मग ऐंशी किलोमीटरवरच्या नॅशव्हिल शहरात, काळ्या डॉक्टरांना शिकवणारं मेहॅरी मेडिकल कॉलेज होतं, तिथलं हॉस्पिटल गाठायचं. ब्लांश दर आठवड्याला लेकीला घेऊन बसने निघायची. बसमध्ये मागच्या बाजूला बसून जायचं, उपचार झाले की तसंच परत. असं एक-दोन महिने नाही, तब्बल दोन वर्षं.

डॉक्टरांनी पायाला रोज मालिश करायला सांगितलं, दिवसातून चार वेळा. आता सांगा, दिवसभर दुसऱ्याच्या घरी राबणारी बाई चार वेळा मालिश कशी करणार? तिने मोठ्या मुलांना ते शिकवलं आणि पाळ्या लावल्या. घरातल्या भावंडांनी तो पाय वर्षानुवर्षं चोळला. नऊ वर्षांची झाल्यावर विल्मा कॅलिपर काढून चालायला लागली. पुढे काही काळ खास बूट घालावे लागले. आणि अकराव्या वर्षी आईने पाहिलं तर पोरगी अनवाणी, भावांबरोबर अंगणात बास्केटबॉल खेळतेय!

शाळेच्या बास्केटबॉल संघात तिची मोठी बहीण होती. तिच्यामागोमाग हीही गेली. अंगाने किडकिडीत, उंच आणि सारखी इकडून तिकडे, म्हणून शाळेतल्या प्रशिक्षकांनी तिचं नाव ठेवलं डास! एका सामन्यात पंच होते एड टेम्पल. नॅशव्हिलमधल्या टेनेसी स्टेट या काळ्या विद्यार्थ्यांच्या कॉलेजात ते मुलींना पळायला शिकवायचे. चेंडूपेक्षा त्यांचं लक्ष तिच्या पायांवर गेलं. त्यांनी तिला उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या सरावाला बोलावलं.

इथे थोडं थांबून अमेरिकेतलं कॉलेजच्या खेळांचं वेड सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. आपल्याकडे कॉलेजची मॅच बघायला कोण जातं? खेळणाऱ्यांचे चार मित्र. तिकडे तसं नाही. कॉलेजचा संघ म्हणजे अख्ख्या गावाचा संघ. शरद ऋतूतल्या शनिवारी त्यांच्या त्या हातात चेंडू धरून पळायच्या फुटबॉलचे सामने असतात. गावातले म्हातारेकोतारे, लेकुरवाळ्या, सगळे कॉलेजच्या रंगाचे कपडे घालून निघतात. मिशिगनच्या कॉलेजचं मैदान तर एवढं मोठं आहे की एक लाखाहून जास्त माणसं बसतात. वर्षातून एकदा होमकमिंग असतं. म्हणजे जुन्या विद्यार्थ्यांचं माहेरपणच म्हणा ना! बँड, मिरवणूक, सामना, जेवणावळी. शिकून कुठे कुठे गेलेली माणसं त्या दिवशी परत येतात. टेनेसी स्टेटसारख्या काळ्यांच्या कॉलेजात तर याला आणखी महत्त्व, कारण बाहेर जिथे तिथे अपमान, पण इथलं सगळं आपलं.

मात्र हा सगळा थाट मुलग्यांच्या खेळांचा. मुलींच्या वाट्याला काय? टेनेसी स्टेटच्या मुलींना खेळाची शिष्यवृत्ती नव्हती. फीच्या बदल्यात रोज दोन तास कॉलेजात काम करायचं. पळायला मातीचा साधा ट्रॅक. बाहेरगावच्या स्पर्धेला मोटारीने जायचं आणि खाण्याचे डबे घरून घ्यायचे, कारण वाटेतल्या हॉटेलात काळ्यांना बसू देत नसत. टेम्पल सर शिस्तीचे कडक. एकदा विल्माला झोप लागून सरावाला अर्धा तास उशीर झाला, तर सरांनी तिला तीस फेऱ्या जास्त मारायला लावल्या. दुसऱ्या दिवशी ती अर्धा तास आधीच हजर! पदवी पूर्ण केलीच पाहिजे, हा त्यांचा सगळ्यात मोठा नियम. त्यांच्या पत्नीचं घर या मुलींना दुसरं माहेर होतं. या मुलींच्या संघाला टायगरबेल्स म्हणायचे.

शाळेत असतानाच, सोळाव्या वर्षी विल्मा १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकला गेली. रिलेत ब्राँझपदक मिळालं. त्या चौघींतली सगळ्यात मोठी मे फॅग्ज. तिने घाबरलेल्या विल्माला धाकट्या बहिणीसारखं जवळ धरलं होतं.

आणि मग तो प्रसंग आला, जिथे बहुतेक मुलींचं सगळं तिथेच संपतं. शाळेच्या शेवटच्या वर्षाला असताना विल्माला दिवस गेले. लग्न झालेलं नव्हतं. १९५८ साली तिला मुलगी झाली. वय अठरा. आई झालेल्या मुलीला संघात घ्यायचं नाही, असा टेम्पल सरांचा नियम होता. गावाने काय काय म्हटलं असेल, याचा अंदाज आपल्याला वेगळा द्यायला नको. पण घरच्यांनी तिला हाकलून दिलं नाही, की तिचं शिक्षण सोडवलं नाही. त्यांनी बाळ सांभाळायला घेतलं. आणि सरांनी स्वतःचा नियम मोडला. त्याच वर्षी विल्मा टेनेसी स्टेटमध्ये दाखल झाली.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते. आपल्या ओळखीतल्या अशा किती मुलींची नावं डोळ्यांसमोर आली! त्यांच्यात काय कमी होतं? बाळ सांभाळायला घेणारे हात तेवढे नव्हते.

१९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या मुलींचे प्रशिक्षक टेम्पल सरच होते. पहिल्या शर्यतीच्या आदल्या दिवशी विल्माचा पाय खड्ड्यात मुरगळला. घोट्याला पट्टी बांधून ती उतरली. शंभर मीटर अकरा सेकंदांत! वारा पाठीमागून जोरात होता म्हणून ती वेळ विक्रमात धरली नाही, पण सोनं तिचंच. मग दोनशे मीटरचं सोनं. राहिली रिले, चौघींनी मिळून पळायची. मार्था हडसन, लुसिंडा विल्यम्स, बार्बरा जोन्स आणि विल्मा. चौघीही टेनेसी स्टेटच्या, एकाच मातीच्या ट्रॅकवर घाम गाळलेल्या. उपांत्य फेरीत त्यांनी जागतिक विक्रम केला. अंतिम फेरीत मात्र बॅटन विल्माच्या हातात येताना घोळ झाला. पडता पडता तिने तो पकडला, पुढे गेलेलीला गाठलं आणि तिसरं सोनं जिंकलं. एकाच ऑलिम्पिकमध्ये धावण्याची तीन सुवर्णपदकं जिंकणारी ती पहिली अमेरिकन स्त्री ठरली. ज्या कॉलेजाने मुलींना साधी शिष्यवृत्ती दिली नव्हती, त्याचं नाव जगभर झालं.

गावाने तिच्या स्वागताची जंगी तयारी केली. पण दक्षिणेतल्या रिवाजाप्रमाणे गोरे वेगळे, काळे वेगळे. विल्माने कळवलं, तसं असेल तर मी येणार नाही. वीस वर्षांची पोर! गावाला ऐकावं लागलं. ४ ऑक्टोबर १९६० रोजी क्लार्क्सव्हिलच्या रस्त्यावरून मिरवणूक निघाली आणि रात्री अकराशे माणसं एकत्र जेवली, काळी आणि गोरी शेजारी शेजारी. त्या गावात असं पहिल्यांदाच घडत होतं. ज्या बसमध्ये तिच्या आईला मागे बसावं लागायचं, त्याच गावची ही पंगत. ब्लांशला त्या रात्री काय वाटलं असेल? तीन सुवर्णपदकांपेक्षा मला ही पंगत मोठी वाटते.

अर्थात एका पंगतीने सगळं बदलत नाही. १९६३ मध्ये तिला त्याच गावातलं एक हॉटेल काळ्यांना खुलं व्हावं म्हणून आंदोलनात उतरावं लागलं. पुढचं आयुष्यही सोपं नव्हतं. तेव्हाच्या नियमांप्रमाणे खेळातून पैसे मिळवता येत नव्हते. १९६२ मध्ये तिने धावणं थांबवलं, १९६३ मध्ये पदवी पूर्ण केली आणि आपल्याच जुन्या प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली. दोन लग्नं झाली, दोन्ही मोडली. चार मुलांना वाढवताना नोकरीसाठी शहरामागून शहरं बदलावी लागली, पैशाची ओढाताण झाली. टाळ्यांवर घर चालत नाही, हे तिलाही भोगावंच लागलं. तरी १९८१ मध्ये तिने गरीब मुलांना खेळ शिकवणारी संस्था काढली. १२ नोव्हेंबर १९९४ रोजी कॅन्सरने ती गेली, अवघ्या चोपन्नाव्या वर्षी. आज टेनेसी स्टेटमध्ये मुलींच्या वसतिगृहाला तिचं नाव आहे.

टेम्पल सरांच्या हाताखालून चाळीस टायगरबेल्स ऑलिम्पिकला गेल्या, तेवीस पदकं आणली आणि जवळजवळ सगळ्याजणींनी पदवी घेतली. १९७२ मध्ये अमेरिकेत कायदा झाला, शिक्षणात आणि कॉलेजच्या खेळांत मुलींना डावलायचं नाही म्हणून. त्यानंतर हळूहळू मुलींना शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. या टायगरबेल्स त्याच्या कितीतरी आधी, दोन तास काम करून पळत होत्या.

चहा केव्हाच थंड झाला होता. मैत्रीण म्हणाली काहीच नाही, नुसती मान हलवून गेली. पण बचत गटाच्या मीटिंगमध्ये तिने स्वतःच विषय काढला. आमच्यातली एक बाई रोज पहाटे साडेचारच्या टेम्पोने तालुक्याच्या बाजारात भाजी घेऊन जाते. तिने लगेच सांगितलं, पोरीला मी माझ्याबरोबर नेते, मैदान वाटेतच आहे. दुसरीने सकाळच्या न्याहारीचा डबा द्यायचं कबूल केलं. संध्याकाळच्या अंधाराचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पुढच्या मीटिंगला तोच विषय आहे.

चौकातला फ्लेक्स केव्हाच फाटून गेला. मुलगी मात्र सोमवारपासून पुन्हा पळतेय. तुमच्या गल्लीतही अशी एखादी असेल. ती जिंकल्यावर हार घालायला सगळेच येतील, पण आज तिला कोणाचा हात हवाय, तेवढं जरा विचारून बघा.