दिवाणखान्यातला कॉम्प्युटर : कोनराड त्सुझे

१९१० साली बर्लिनमध्ये जन्मलेला कोनराड त्सुझे आपल्यासारखाच इंजिनिअरिंगवाला, तोही सिव्हिलचा! स्ट्रक्चरची पानंच्या पानं गणितं करून वैतागला आणि ही हमाली मशीनने करावी असं त्याच्या डोक्यात बसलं. विमान कारखान्यातली नोकरी सोडून १९३६ मध्ये त्याने आईवडिलांच्या दिवाणखान्यातच कॉम्प्युटर बांधायला घेतला. मित्रांनी पैसे दिले, पत्र्याचे हजारो तुकडे कापून दिले. १९३८ मध्ये झेड-१ तयार झाला, पण गणित करता करता मध्येच अडकायचा.

इथेच हा माणूस मला ग्रेट वाटतो. त्याने सगळंच भंगारात काढलं नाही. पत्र्याची मेमरी नीट चालत होती, अडकत होता तो हिशेबाचा भाग. म्हणून झेड-२ मध्ये मेमरी पत्र्याचीच ठेवून हिशेबाला टेलिफोनचे रिले बसवले. १९४१ चा झेड-३ पूर्ण रिलेंचा, प्रोग्रॅमवर चालणारा. १९४३ मध्ये तो बॉम्बहल्ल्यात गेला. तरी गडी थांबला नाही. झेड-४ मध्ये पुन्हा पत्र्याची मेमरी घातली, आणि १९५० मध्ये ते मशीन झुरिकच्या इंजिनिअरिंग विद्यापीठात कामाला लागलं. १९९५ मध्ये त्सुझे वारला.

होस्टेलवर असेंबल्ड पीसी आपोआप रिस्टार्ट व्हायला लागला की पोरं आधी फॉरमॅट मारतात. मी म्हणतो, त्सुझेसारखं शोधा. एका वेळी एकच पार्ट बदला : आधी रॅमची एक पट्टी, मग दुसरी, मग एसएमपीएस. सगळं एकदम बदललं, तर दुखणं जाईल, पण कशाने गेलं ते कधीच कळणार नाही.